दीर्घ गणिताची राखण

एखादे काम आरंभणे आणि ते तडीस नेणे यांत केवढे अंतर असते, हे शेतकऱ्याला, विणकराला किंवा विहीर खणणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. आरंभी उत्साह असतो, शेवटी फळाची आशा असते. परंतु मधल्या लांबलचक काळात उत्साह ओसरलेला असतो आणि फळ तर दृष्टीसही पडत नाही. त्या मधल्या काळाची जो नीट राखण करतो, त्याचेच काम पुरे होते. आज जगात असंख्य माणसे आपला घरचा संगणक रिकामा असेल तेव्हा शास्त्रज्ञांच्या गणितासाठी विनामूल्य देतात. त्यांतील काही गणिते काही तासांत उरकतात. काही मात्र आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने चालतात. अशी लांबणारी गणिते मोडू न देता, चुकू न देता आणि वाटेत हरवू न देता शेवटास कशी न्यावयाची, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या कथेचे मूळ सतराव्या शतकातील एका धर्मगुरूपाशी जाऊन पोहोचते. पॅरिसमधील मिनिम संघाचे मारँ मर्सेन हे १५८८ साली जन्मले आणि १६४८ साली वारले. देकार्त, फर्मा यांसारख्या विद्वानांशी त्यांचा अखंड पत्रव्यवहार चाले. एकाचा शोध दुसऱ्यास कळावा तो पुष्कळदा मर्सेन यांच्या पत्रातून. दोन हा अंक दोनाने वारंवार गुणीत जावा आणि शेवटी एक वजा करावा, म्हणजे काही वेळा मूळ संख्या मिळते. ३, ७, ३१, १२७ या तशा मूळ संख्या होत. परंतु दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा केला असता २०४७ येतात आणि ते तर २३ गुणिले ८९ आहेत. मग कोणत्या घातास मूळ संख्या मिळते आणि कोणत्या घातास मिळत नाही? मर्सेन यांनी १६४४ साली २५७ व्या घातापर्यंतची एक यादी प्रसिद्ध केली. तीत ६७ आणि २५७ हे दोन घात चुकून आले होते आणि ६१, ८९ व १०७ हे तीन चुकून गळाले होते. असे असूनही या संख्यांना जगाने त्यांचेच नाव दिले. कारण प्रश्न विचारण्याचे श्रेय त्यांचे होते.

त्यातील ६७ व्या घाताची चूक एडवार्ड लुकास यांनी १८७६ साली उघड केली. पण त्या संख्येचे अवयव कोणते, हे त्यांनाही सांगता आले नव्हते. १९०३ साली अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी ते शोधून काढले. १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे ते दोन अवयव होत. सभेपुढे कोल यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर एकीकडे घात मांडला, दुसरीकडे गुणाकार मांडला आणि दोन्ही उत्तरे जुळताच ते जाग्यावर जाऊन बसले, अशी आख्यायिका आहे. हे शोधावयास किती काळ लागला, असे पुढे कोणी विचारता त्यांनी तीन वर्षांतील रविवार असे उत्तर दिले, असेही सांगतात. विसाव्याचा वेळ द्यावा, मोबदला मागू नये आणि काम अर्धवट सोडू नये, ही वृत्ती संगणकाच्या आधीपासूनची आहे एवढेच यावरून ध्यानात घ्यावे.

जानेवारी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी अशा संख्यांच्या शोधासाठी गिम्प्स या नावाचा प्रकल्प सुरू केला. ज्याला इच्छा असेल त्याने त्यांचा प्राइम-९५ हा प्रोग्राम आपल्या संगणकावर बसवावा, इंटरनेटवरून एक घात तपासावयास घ्यावा आणि उत्तर परत पाठवावे, अशी ही सोपी व्यवस्था होती. त्यानंतर १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागातून सेटी-ॲट-होम हा प्रकल्प निघाला. रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींत परग्रहावरील बुद्धिमान जीवांची काही खूण सापडते काय, याचा तो शोध होता. या दुसऱ्या प्रकल्पातील काम लहान लहान तुकड्यांत वाटता येत असे. एका तुकड्याचा दुसऱ्याशी संबंध नसे. एखादा हरवला तर तोच दुसऱ्या कोणाला दिला की भागे.

गिम्प्सचे काम तसे नव्हे. अनेक संख्या अनेक जणांत वाटता येतात हे खरे. परंतु एका संख्येची परीक्षा मात्र एका ठिकाणी, आरंभापासून शेवटपर्यंत, क्रमानेच करावी लागते. असे का, हे एका लहान उदाहरणावरून स्पष्ट होईल. लुकास यांनी काढलेली आणि पुढे लेहमर यांनी सुधारलेली रीत अशी: चारापासून आरंभ करावा, आलेल्या अंकाचा वर्ग करावा, त्यातून दोन वजा करावेत आणि परीक्षेच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी. हेच पुनःपुन्हा करावे. घात जेवढा असेल त्याहून दोनाने कमी वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ आहे, एरवी नाही. आता पाचवा घात, म्हणजे ३१ ही संख्या घ्या. चाराचा वर्ग सोळा, त्यातून दोन गेले चौदा. चौदाचा वर्ग १९६, त्यातून दोन गेले १९४; ३१ ने भागून बाकी आठ. आठाचा वर्ग चौसष्ट, त्यातून दोन गेले बासष्ट. ३१ ने भागून बाकी शून्य. तीन पायऱ्यांत सिद्ध झाले की ३१ मूळ आहे.

येथे तिसरी पायरी दुसरीच्या खांद्यावर उभी आहे. दुसरी हाती आल्यावाचून तिसरीला हात घालता येत नाही. म्हणून दहा माणसे जमवली तरी ती दहा पायऱ्या एकदम चढू शकत नाहीत. आणि मधल्या पायरीवर आठाच्या जागी नऊ लिहिले गेले तर? नवाचा वर्ग एक्याऐंशी, त्यातून दोन गेले एकोणऐंशी, बाकी सतरा. म्हणजे एका अंकाच्या चुकीने एक खरीखुरी मूळ संख्या नाकारली गेली आणि उत्तराकडे पाहून ती चूक कोणाच्या ध्यानातही आली नसती. हे तीन पायऱ्यांचे झाले. आजच्या परीक्षेत अशा पायऱ्या दहा कोटींच्या पलीकडे असतात आणि प्रत्येक पायरीवरील आकडा कोट्यवधी अंकांचा असतो. दीर्घ गणिताची सारी अडचण आणि सारी जबाबदारी या एका गोष्टीत आहे.

दुसरे दीर्घ गणित हवामानाचे. सामान्य माणसांच्या संगणकांवर पृथ्वीच्या हवामानाचे गणित चालवावे, ही कल्पना माइल्स ॲलन या शास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडली आणि सप्टेंबर २००३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाकडून क्लायमेटप्रेडिक्शन-डॉट-नेट हा प्रकल्प लोकांपुढे आला. येथेही आजच्या हवेवरून उद्याची आणि उद्याच्या हवेवरून परवाची काढावयाची असते. सुरुवातीच्या प्रयोगात प्रत्येकास पृथ्वीच्या ४५ वर्षांचे हवामान चालवावयास दिले जाई. त्यात पंधरा-पंधरा वर्षांचे तीन टप्पे असत आणि शेवटच्या टप्प्यात हवेतील कर्बवायूचे प्रमाण दुप्पट धरलेले असे. ढगांतून पाऊस केव्हा पडू लागतो यासारख्या ज्या गोष्टी नेमक्या ठाऊक नाहीत, त्यांचे आकडे प्रत्येकाच्या प्रतीत किंचित वेगळे ठेवलेले असत. त्यामुळे एकाचे काम अर्धवट राहिले, तर तशी तंतोतंत दुसरी प्रत चालू असेलच असा भरवसा नव्हता. अशा दोन हजारांहून अधिक पूर्ण झालेल्या प्रयोगांवरून निघालेला निष्कर्ष जानेवारी २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कर्बवायू दुप्पट झाल्यास होणारी तापमानवाढ त्यांत दोन अंशांहून कमी ते अकरा अंशांहून अधिक अशी विस्तृत आढळली होती.

अशा कामाची पहिली राखण म्हणजे खंड पडला तरी केलेले वाया जाऊ न देणे. संगणक रात्री बंद होतो, वीज जाते, घरातील मुलाला अभ्यासासाठी तो लागतो. म्हणून प्रोग्राम ठराविक अंतराने आपली सद्यःस्थिती डिस्कवर लिहून ठेवतो. यास चेकपॉइंट म्हणतात. धर्मग्रंथाचे वाचन थांबविताना पानांत फीत ठेवावी, तसेच हे आहे. प्राइम-९५ हा प्रोग्राम साधारणतः दर अर्ध्या तासाने अशी नोंद करतो. म्हणजे अकस्मात वीज गेली तरी अर्ध्या तासाहून अधिक काम बुडू नये. परंतु फीत ठेवण्याच्या क्षणीच ग्रंथ हातातून पडला तर ती चुकीच्या पानात जाते. म्हणून जाणते स्वयंसेवक संगणक बंद करण्यापूर्वी गणिताच्या प्रोग्रामला थांबण्याची आज्ञा देतात आणि तो थांबल्याची खात्री करून घेऊन मगच बटणाला हात लावतात. आषाढात जेथे दिवसातून तीनदा वीज जाते, तेथे तर एखादा लहानसा यूपीएस जोडल्यावाचून महिनाभराचे काम अंगावर घेणे हे धाडसच होय.

चेकपॉइंट हा एकाच डिस्कवर असतो, हेही विसरता येत नाही. डिस्कच गेली तर फीत आणि ग्रंथ दोन्ही गेले. हवामानाचे गणित चालविणाऱ्या अनुभवी मंडळींनी यावर एक साधा उपाय रूढ केला. आठवड्यातून एकदा प्रोग्राम पूर्ण बंद करावयाचा, त्याच्या फाइलींचा संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावयाचा आणि मग पुन्हा काम चालू करावयाचे. प्रोग्राम चालू असताना घेतलेली प्रत फसवी ठरते. कारण अर्ध्या फाइली आधीच्या क्षणाच्या आणि अर्ध्या नंतरच्या क्षणाच्या असतात. याखेरीज प्रकल्पानेही एक सोय केली होती. गणित पुढे सरकेल तसतशी थोडी थोडी माहिती सर्व्हरकडे जात राही. त्यामुळे एखादे काम तिसाव्या वर्षी कोसळले, तरी तीस वर्षांचा काही हिशेब शास्त्रज्ञांच्या हाती राही. पेरलेले सगळेच बी शेवटपर्यंत वाढत नाही. पण जितके वाढले तितके तरी मोजले जावे, ही त्यामागील दृष्टी.

दुसरी राखण चुकीपासून. संगणक चुकत नाही असा सार्वत्रिक समज आहे; परंतु महिनाभर अहोरात्र राबणाऱ्या यंत्राच्या बाबतीत तो खरा नाही. पंख्यात धूळ साचते, यंत्र तापते, स्मृतीतील एखादा अंक उलटतो आणि नऊ व आठाचा तो प्रकार घडतो. म्हणून गिम्प्समध्ये प्रत्येक संख्येची परीक्षा दोन निरनिराळ्या संगणकांवर घेण्याचा परिपाठ होता. पहिल्याने दिलेली शेवटची बाकी आणि दुसऱ्याने दिलेली बाकी जुळली तरच निकाल मान्य व्हावयाचा. हा न्याय चोख होता, पण महाग होता. एका कामास दोन कामांचा खर्च पडे. २०१७ साली रॉबर्ट गर्बिच यांनी फर्माच्या परीक्षेसाठी एक नामी पडताळणी सुचविली. गणित चालू असतानाच ठराविक टप्प्यांवर ते स्वतःला तपासून पाहते आणि चूक आढळल्यास जेथपर्यंत खात्री पटलेली आहे त्या मागच्या टप्प्यावर परत जाऊन तेथून पुन्हा चालू लागते. पुढे २०२० मध्ये निकालासोबत एक लहानसा पुरावा पाठविण्याची रीतही प्रचारात आली. तो पुरावा तपासावयास मूळ कामाच्या एक टक्क्याहूनही कमी श्रम पुरतात. तेव्हापासून सारी परीक्षा दुसऱ्यांदा घेण्याची गरज बहुतांशी उरली नाही. मात्र त्या पुराव्यासाठी काही गिगाबाइट जागा डिस्कवर मोकळी राखावी लागते, हे काम घेण्यापूर्वीच पाहून ठेवणे बरे.

तिसरी राखण लोभापासून. मर्सेनच्या संख्या सोडल्या तर असे बरेचसे प्रकल्प बर्कली येथे निर्माण झालेल्या बॉइंक या एकाच व्यवस्थेतून चालतात आणि त्यात एका संगणकावर अनेक प्रकल्पांचे काम घेता येते. नवखा माणूस उत्साहाच्या भरात दहा कामे घेऊन बसतो. प्रत्येक कामास मुदत असते. मुदत जवळ आली की व्यवस्था ते काम पुढे काढते आणि बाकीची तशीच पडून राहतात. शेवटी कोणतेच वेळेवर होत नाही. त्याच्या निकालाशी आपला निकाल जुळविण्यासाठी दूरच्या देशातील कोणी अनोळखी माणूस मात्र वाट पाहत बसलेला असतो. म्हणून अंगावरचे लांब काम पुरे होईपर्यंत नवे काम नको, अशी खूण करून ठेवण्याची सोय बॉइंकमध्ये आहे आणि ती वापरणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. काम थांबलेले असताना ते स्मृतीत तसेच राहू द्यावे, ही दुसरी एक खूणही तितकीच उपयोगी. नाहीतर संगणकाला दुसरीकडे हात लागताच गणित स्मृतीतून उतरते आणि पुन्हा चढताना मागच्या चेकपॉइंटपासून सुरू होते.

काम पुरे होणार नाही असे दिसू लागले, तर ते उघडपणे परत करावे. हे सांगावयास सोपे आणि करावयास कठीण आहे. माणसाला आपला पराभव लपवून ठेवण्याची खोड असते. पण संगणक बंद करून, काहीही न कळविता निघून जाण्याने ती संख्या मुदत संपेपर्यंत अडून राहते. गिम्प्सच्या सर्व्हरला म्हणूनच रेंगाळलेली कामे काढून घेऊन दुसऱ्यास देण्याचे नियम करावे लागले. याच्या उलट दोषही दिसतो. दुसऱ्याकडे दिलेली संख्या तो संथ चालला आहे म्हणून कोणी आगंतुक परस्पर तपासून टाकतो. त्याने काम लवकर होते असे वाटते. परंतु ज्याचे यंत्र जुने आहे आणि जो दोन महिने प्रामाणिकपणे चालला आहे, त्याचे सारे श्रम शेवटच्या आठवड्यात निरर्थक होतात. मुदतीच्या आत संथ चालणे हा अपराध नव्हे, एवढा विवेक वेगवान यंत्राच्या मालकाने राखला पाहिजे.

चौथी राखण निकालाची. काम संपले म्हणजे सारे संपले असे नाही. मिसूरी राज्यातील एका विद्यापीठातील प्राध्यापक कर्टिस कूपर यांच्या एका संगणकाने ३१ दिवस अखंड गणित करून १७ सप्टेंबर २०१५ रोजी त्या वेळची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सर्व्हरला कळविली. ती २,२३,३८,६१८ अंकांची होती. परंतु अशा प्रसंगी माणसांना सूचना देणारे पत्र निघालेच नाही. जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या साडेतीन महिन्यांहून अधिक काळ सर्व्हरच्या वहीत पडून होती. नेहमीची झाडलोट करताना ती ७ जानेवारी २०१६ रोजी नजरेस आली. शोधाची अधिकृत तारीख म्हणून हीच दुसरी तारीख धरली गेली. यंत्राला कळले तो दिवस शोधाचा नव्हे, माणसाला कळले तो शोधाचा, असा निर्णय त्यात आहे.

प्रकल्प चालविणाऱ्यांकडूनही चूक होते आणि तेव्हा स्वयंसेवकांच्या धीराची खरी परीक्षा लागते. फेब्रुवारी २००६ मध्ये बीबीसीच्या सहकार्याने हवामानाचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. १९२० पासून २०८० पर्यंत, म्हणजे १६० वर्षांचे हवामान एकेका घरच्या संगणकाने चालवावयाचे होते. एप्रिलमध्ये ध्यानात आले की, गंधकाच्या सूक्ष्म कणांची माहिती पुरविणारी एक फाइल पुढील वर्षांसाठी नीट पुढे सरकत नव्हती. हे कण सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला काहीसे थंड ठेवतात. ते पुरेसे न वाढल्याने गणितातील पृथ्वी प्रमाणाबाहेर तापू लागली होती. दोन महिने राखलेली कामे सोडून पुन्हा १९२० पासून आरंभ करावा लागणार होता. चालकांनी चूक झाकली नाही. ती काय होती हे त्यांनी सांगितले, झालेले काम त्या कणांचा परिणाम अजमावण्यास उपयोगी पडेल हेही सांगितले आणि सर्वांना नव्याने सुरुवात करण्याची विनंती केली. पुष्कळांनी ती केली. त्या प्रयोगातून निघालेला निष्कर्ष २०१२ मध्ये 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकात आला. उत्सर्जन मध्यम गतीने वाढत राहिले तर १९६१ ते १९९० या काळाच्या तुलनेत २०५० पर्यंत १.४ ते ३ अंशांची तापमानवाढ संभवते, असे त्यात म्हटले होते. चूक झाकली असती तर असा निष्कर्ष कधीच निघाला नसता. निघाला असता तो खोटा निघाला असता.

या दानाचा खर्च किती, हेही पाहिले पाहिजे. रिकाम्या संगणकाचा वेळ फुकट असतो, पण वीज फुकट नसते. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत लॅपटॉप पूर्ण शक्तीने चालविणे यंत्राला आणि घरच्या मंडळींनाही जाच होतो. प्रोग्रामला निम्म्या शक्तीने किंवा रात्रीपुरतेच चालण्याची मर्यादा घालता येते, ती घालावी. काम थोडे लांबेल, पण शेवटास जाईल. आणि संगणक शाळेचा किंवा कचेरीचा असेल तर प्रमुखाची परवानगी घेतल्यावाचून तो या कामाला जुंपू नये. कारण दुसऱ्याच्या वस्तूचे दान करणे हे दान नव्हे.

अलीकडे या क्षेत्राचे रूप पालटत आहे. सेटी-ॲट-होमने ३१ मार्च २०२० पासून नवीन काम देणे थांबविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, दोनाच्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून एक वजा केलेली ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या घरच्या संगणकाने शोधलेली नव्हे. ल्यूक ड्युरँट यांनी १७ देशांत भाड्याने घेतलेल्या शक्तिशाली यंत्रांच्या जाळ्यातून ती आली. डब्लिनमधील यंत्राने ११ ऑक्टोबरला ती मूळ असावी असे कळविले आणि दुसऱ्याच दिवशी टेक्सासमधील यंत्राने त्यावर शिक्कामोर्तब केले. मग घरच्या लहान संगणकाला आता काय अर्थ उरला, असा प्रश्न कोणी करील.

त्याचे उत्तर गणितातच आहे. जानेवारी १९९६ पासून ज्या असंख्य घातांची परीक्षा झाली, त्यांतून मूळ संख्या निघाल्या त्या केवळ अठरा. बाकी सर्वांचे उत्तर 'नाही' असेच आले. ज्यांच्या नावावर कधीही मूळ संख्या लागली नाही अशा माणसांनी महिनोन्महिने यंत्रे राखून ती 'नाही' मिळविली आहेत. पण नीट पडताळलेले 'नाही' हे 'होय' इतकेच सत्य असते. त्या घाताच्या वाटेला आता पुन्हा कोणाला जावे लागत नाही. कोणाचेही नाव वर्तमानपत्रात न येता रोज थोडे थोडे पुढे सरकणारे, वीज गेली की थांबणारे आणि आली की जेथे थांबले तेथून उठणारे हे काम आहे. ज्याला ते पत्करावयाचे असेल त्याने एकच संख्या घ्यावी आणि ती पुरी करावी.